दोन हजार शेअरचा एक गुंठा

अजिंक्यची भूक कमी होत नव्हती, आणि वैजयंतीला त्याचीच काळजी लागून राहिली होती.

दुसऱ्यांची पोरं मनावर ओझं आलं की ताटावरून उठतात. हिच्या पोराच्या शब्दावर चाळीस-पंचेचाळीस माणसांनी सप्तधरा रिॲल्टी नावाच्या बांधकाम कंपनीचे शेअर घेतले होते. ते शेअर मे महिन्यापासून घसरत होते, आणि हा शेंगाचटणीवर तेल ओतून, आमटीत तीन-तीन कडक भाकरी चुरून खात होता. रविवारी दुपारी झोपत होता, घोरत होता. कुणाचा फोन आला की न अडखळता सांगत होता, "धीर धरा. जमीन कुठं पळून जाते का?"

फोन करणाऱ्यांचा आवाज कापत असे, याचा नाही. वैजयंतीला वाटे, हा घाबरत का नाही? ज्याचं बुडतंय तो असा जेवत नाही.

अजिंक्य एकोणतीस वर्षांचा. सात वर्षं चिंचोळी एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत तपासणीचं काम करत होता. साच्यातून निघालेला लोखंडी भाग उचलायचा, त्यावर हातोडीची टिचकी मारायची आणि कान द्यायचा. भरीव असेल तर भाग घंटेसारखा वाजतो, आत पोकळी राहिली असेल तर बद्द आवाज येतो. नापास भागावर तांबड्या रंगाचा गोल काढायचा, शेजारी तारीख घालायची आणि आपलं अक्षर लिहायचं, म्हणजे नापास कुणी केलं ते उद्या विचारता येतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यानं दोनशे भागांचा अख्खा लॉट अडवून धरला होता. गाडी दारात उभी, सुपरवायझर शिव्या देतोय, आणि हा तेवीस वर्षांचा पोरगा म्हणतोय, पाठवायचा तर माझी सही खोडून पाठवा. त्या संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. वैजयंतीला तो दिवस अजून आठवे, कारण त्या दिवशी तिला मुलाचा फार अभिमान वाटला होता.

घरात दोघंच. तिचा नवरा माळशिरसकडच्या साखर कारखान्यात लिपिक होता, पंधरा दिवसांतून एकदा जुळे सोलापुरात घरी यायचा, कपडे धुवायला टाकायचा आणि निघायचा.

शेअरचं सुरू झालं टाळेबंदीत. कारखाना बंद, पोरगा घरात बसून, आणि एक दिवस म्हणाला, "आई, तू बी.कॉम. आहेस ना? मला ताळेबंद वाचायला शिकव." तिनं जुन्या कॅलेंडरच्या मागं रेघ मारली. डाव्या बाजूला देणी, उजव्या बाजूला मालमत्ता. पंचवीस वर्षांत त्या पदवीचं काम पहिल्यांदाच पडलं होतं, त्यामुळं तिनं फार मन लावून शिकवलं. नफ्यावर भुलू नको, रोकड बघ. मालक स्वतःचे शेअर गहाण टाकतो का बघ. शेवटची बारीक टाइपातली टिपणं आधी वाच, लपवायचं ते तिथं लिहितात. पोरगा हुशार. महिनाभरात तिच्या पुढं गेला.

मग कारखान्यातले दोघे रविवारी विचारायला आले. दोघांचे सहा झाले, सहाचे वीस. पुढच्या खोलीत सतरंजी, भिंतीला हिरवा फळा, वैजयंतीच्या हातचा चहा. अजिंक्यनं कधी फी घेतली नाही. लोक त्याला सर म्हणायला लागले, तेवढं मात्र घेतलं.

येणारी माणसं बहुतेक एमआयडीसीतली. मूळची मोहोळ, मंगळवेढा, सांगोल्याकडची, शेतीच्या घरातली. कुणाची जमीन भावाभावांत वाटून पाच गुंठ्यांवर आलेली, कुणाची रस्त्यात गेलेली. शहरात दोन खोल्यांत राहायची, पण बोलता बोलता हात मातीत घातल्यासारखे हलायचे. त्यांना ताळेबंद सांगितला की डोळ्यांवर झापड येई. सप्तधरा निवडली तेव्हा अजिंक्यनं कष्ट पुष्कळ घेतले होते. एसटीनं पुण्याला जाऊन त्यानं कंपनीच्या चार इमारतींपुढं उभं राहून बाल्कनीत वाळत घातलेले कपडे मोजले होते. किती फ्लॅट विकले ते कंपनी सांगते, म्हणाला, किती घरांत माणूस राहतो ते कपडे सांगतात. लोकांना ते पटलं, पण कुणी पैसे काढले नाहीत.

मग त्यानं फळ्यावर गुंठ्याचा हिशोब मांडला.

कंपनीच्या रंगीत माहितीपत्रात पुण्याच्या आसपास बाराशे एकर जमीन लिहिली होती. म्हणजे अठ्ठेचाळीस हजार गुंठे. शेअर एकूण नऊ कोटी साठ लाख. भागून बघा. दोन हजार शेअरला एक गुंठा. भाव दोनशे चाळीस, म्हणजे चार लाख ऐंशी हजारांत पुण्याजवळ गुंठा, सात-बारा नको, तलाठी नको, मोजणी नको.

मग मागून ईरप्पा, मागच्या बोळातला, टॉवेलच्या कारखान्यात मुकादमी करून निवृत्त झालेला म्हातारा, म्हणाला, "सर, माझी ऐपत पाचशे शेअरची. पाव गुंठा. तेवढ्यात न्हाणीघर तरी बसतंय का?"

"न्हाणीघर बसून वर पाण्याची टाकी बसेल, ईरप्पाकाका," अजिंक्य म्हणाला, आणि सगळे हसले.

स्वयंपाकघरात चहा गाळता गाळता वैजयंतीनं ते ऐकलं, आणि तिला तिथंच कळलं की हा हिशोब खोटा आहे. शेअर म्हणजे जमीन नव्हे. कंपनी बुडाली तर आधी बँका उभ्या राहतात, मग रोखेवाले, मग सरकार, आणि रांगेच्या अगदी शेवटी शेअरवाला, हातात रिकामी पिशवी घेऊन. हे ती कॉलेजात शिकली होती, परीक्षेत लिहून आली होती. पण बाहेर माणसं तिच्या पोराकडं अशी बघत होती, जशी तिच्या नवऱ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं. तिनं कप ट्रेमध्ये लावले आणि चहा नेऊन दिला. त्या दिवसापासून सगळे कंपनीचा भाव सोडून गुंठ्याचा भाव विचारायला लागले. "आज गुंठा कितीला?"

त्या दिवाळीत भाऊबीजेला तिचा थोरला भाऊ कुंडलिक मोहोळ तालुक्यातून आला, तो रविवारच्या बैठकीलाही थांबला. त्याची चार एकर नव्या रस्त्यात गेली होती आणि सेहेचाळीस लाख बँकेत पडून होते. खरं तर ती चार एकर एकट्या कुंडलिकची नव्हती. वडील गेल्यावर मोहोळच्या नोंदणी कार्यालयात वैजयंतीनं हक्कसोड पत्रावर सही केली होती. बहिणी करतात तशी, न वाचता. नाही, वाचून केली होती, बी.कॉम. होती ना. बदल्यात एक साडी आणि नारळ मिळाला. मोबदला आला तेव्हा नारळही आला नाही. वहिनी बजाबाईनं फोनवर एवढंच विचारलं होतं, "वन्सं, पैसं आल्याचं तुमाला कुणी सांगितलं?"

कुंडलिक फळ्यापुढं मांडी घालून बसला. हिशोब दोनदा समजून घेतला. मग म्हणाला, "म्हंजे रस्त्यात गेली ती जमीन पुण्यात उगवायची म्हण की."

"तसंच समजा, मामा."

"तुझ्या आजाची जमीन हाय ही. चार एकर गेली, चार गुंठं तरी दिसू दे." आणि निघताना उंबऱ्यात, चपला घालता घालता, बहिणीला म्हणाला, "वैजे, तुझा हिस्सा तुझ्याच पोराच्या हाती दिला बघ. आता मनात काय ठिवू नगं."

चार गुंठे. एकोणीस लाख वीस हजार.

तिच्या मनात होतं ते गेलं नाही, पण त्यावर साय आली. भाऊ आपल्या पोराला विचारून पैसे लावतो, हे तिला गोड लागलं. इतकं गोड की जमीन आणि शेअर यांतला फरक त्यालाही तिनं सांगितला नाही.

जानेवारी-फेब्रुवारीत भाव तीनशेला टेकला. बजाबाईचे फोन यायला लागले, वन्सं कशा आहात, पाय कसे आहेत. मेमध्ये बातमी आली की बऱ्याच जमीनमालकांनी सप्तधराशी केलेले करार मोडले आणि कोर्टात गेले. कसले करार ते कुणाला कळलं नाही, कारण फळ्यावर करार हा शब्द कधी आलाच नव्हता. शेअर रोज उघडायचा आणि रोज तळाला लागायचा, विकायला गेलं तर घेणारा नाही. मधे थोडा सावरला, पुन्हा घसरला. जुलैत एकशे एकतीस.

कालच्या बैठकीला चौघेच आले. ईरप्पा दाराशी बसला होता. "सर, न्हाणीघराचं दार पण गेलं आता," तो म्हणाला. "टाकी तर कवाच गळाली."

यावेळी कुणी हसलं नाही. अजिंक्यनं खडू उचलला. "काका, भाव पडला म्हणजे जमीन कमी झाली का? गुंठा स्वस्त झाला एवढंच."

तेवढ्यात कुंडलिकचा फोन आला. अजिंक्यनं सगळ्यांसमोर स्पीकरवर लावला.

"अजू, गुंठा दोन लाख बासष्ट हजारावर आलाय म्हणत्यात. खरं काय?"

"खरं आहे, मामा."

"मग धा घिऊन टाकतो. सव्वीस लाख आन् वर थोडं हायती. उद्या धा वाजता मोहोळला दलालाकडं जातो."

"तुमची मर्जी, मामा."

"मर्जी न्हाय इचारत मी. तू सांग."

"मी कुणाला घ्या म्हणत नाही आणि विका म्हणत नाही. ज्यानं त्यानं अभ्यास करायचा."

"माझा अभ्यास म्हंजे तूच की रं," कुंडलिक म्हणाला आणि हसला. "बरं, ठिवतो. शेरडं आत घ्यायचीत."

अजिंक्यनं फोन खिशात घातला आणि आईला म्हणाला, "चहा टाकतेस का?"

चौघे गेल्यावर तो जेवला आणि झोपला. वैजयंतीनं कपाटातून कंपनीचा वार्षिक अहवाल काढला. झेरॉक्सच्या दुकानातून छापून, तारेची बांधणी करून आणलेला, तीनशे दहा पानांचा. तिनं चष्मा लावला आणि स्वतःच पोराला शिकवलं होतं तसं शेवटाकडून वाचायला सुरुवात केली. टिपण क्रमांक एकतीस. कंपनीच्या स्वतःच्या नावावर जमीन एकशे चाळीस एकर, तीही बँकांकडं गहाण. उरलेली एक हजार साठ एकर जमीनमालकांचीच. कंपनीनं अनामत देऊन तिथं बांधण्याचा नुसता हक्क घेतलेला, मुदत टळली तर करार रद्द. पुढच्या पानावर, जमीन मिळवून देण्यासाठी म्हणून काही कोटींची आगाऊ रक्कम दिलेली, आणि ती घेणाऱ्या तिन्ही फर्मा मालकाच्या मेव्हण्याच्या.

अर्धा तास लागला तिला. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाची पोरगीही काढेल एवढंच होतं ते.

पण तिला तिथं दुसरंच काही दिसलं. एकशे चाळीस या आकड्याभोवती तांबड्या शाईचा गोल होता. नीट, हात न उचलता काढलेला. शेजारी अक्षर 'अ', आणि तारीख चौदा फेब्रुवारी.

फेब्रुवारीत भाव तीनशे होता. त्या दिवशी त्यानं एक निरोप टाकला असता तर ईरप्पापासून कुंडलिकपर्यंत सगळे चार पैसे कमावून बाहेर पडले असते. पोरानं टिचकी मारली होती, आवाज ऐकला होता, गोल काढला होता, तारीखही घातली होती. आणि गाडी जाऊ दिली होती.

आज सोमवार, पाण्याचा दिवस. पाचव्या दिवशी नळाला पाणी आलं होतं. बॅरल भरता भरता तिनं भाकरी टाकल्या. साडेसहाला अजिंक्य गणवेश घालून ताटावर बसला. तिनं अहवाल ते पान उघडून ताटाशेजारी ठेवला.

त्यानं बघितलं आणि भाकरी मोडली.

"तुझे किती शेअर आहेत, अजू?"

"आई, नळ चालू आहे."

"असू दे. किती आहेत?"

"माझे नाहीत." त्यानं घास चटणीत बुडवला. "फेब्रुवारीत विकले. तीन हजार होते."

"आणि पैसे?"

"बँकेत. एफडी केली."

नळाखालची बादली भरून वाहायला लागली. तिनं जाऊन नळ बंद केला आणि परत आली. तो दुसरी भाकरी घेत होता.

"कुणालाच नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर सगळे एकदम विकायला धावले असते. भाव पडला असता."

"चाळीस जणांनी?"

"मग काय सांगायचं होतं, आई? की सरांनी अहवाल वाचायच्या आधीच फळ्यावर हिशोब मांडला?" पहिल्यांदा त्याचा आवाज थोडा चढला, मग पुन्हा खाली आला. "मी कुणाकडून एक रुपया घेतलेला नाही. अहवाल सगळ्यांना फुकट मिळतो. मी पहिल्या दिवसापासून सांगतोय, स्वतः वाचा."

"दादाला वाचता येतं का ते?"

"मामांना मी घ्या म्हटलेलं नाही. काल सगळ्यांसमोर म्हटलं, तुमची मर्जी. तू ऐकलंस."

काल फोन स्पीकरवर का लावला ते तिला आत्ता कळलं. चार साक्षीदार.

"आत्ता फोन कर त्याला. दहाला जाणार आहे तो दलालाकडं."

"आणि काय सांगू? माझे मी विकले, तुमचे राहू दिले? मग मला त्या घरात पाऊल टाकता येईल का? तुला तरी येईल?" पाणी पिऊन त्यानं ताट मोरीत ठेवलं, डबा बॅगेत घातला. दारात बूट घालताना, तिच्याकडं न बघता म्हणाला, "तूही पहिल्या दिवशी आतच होतीस, आई. गुंठ्याचा हिशोब तुला ऐकू आला होता. तू काय बोललीस?"

मग कंपनीच्या बसला उशीर होतो म्हणून निघून गेला.

तिनं उरलेली दोन बॅरल भरली. कापडानं गाळून पिण्याचं पाणी भरलं. ताट घासताना तिच्या लक्षात आलं की पोरानं तीनही भाकरी संपवल्या होत्या. काळजी एवढे दिवस कसली लागली होती ते आता कळलं होतं, आणि कळून ती काही हलकी झाली नव्हती. त्याच्या पोटात भीती नव्हती, कारण त्याचं काहीच तिथं नव्हतं. बाकीच्यांचं होतं, पण त्यानं त्याची भूक मरत नव्हती.

साडेआठला ती खाटेवर बसली. डोकं एक एक पळवाट काढत होतं. नवऱ्याला विचारू, तो बघेल. तो काय बघणार, तो म्हणेल तुमचं तुम्ही बघा. नाहीतर दादाला नुसतं म्हणू, जरा थांब, चार दिवसांनी घे. दादा विचारील, का? तिला काहीच सांगता येणार नाही, आणि तो म्हणेल, तू राहू दे वैजे, अजूचं बघून करतो मी. तिच्या तोंडून निघालेल्या कुठल्याही शहाण्या वाक्यापेक्षा पोराचा शब्द त्याला जड होता. तो शब्द तिनंच इतका जड होऊ दिला होता. कुंडलिकला थांबवील असं एकच वाक्य होतं, आणि ते पोराच्या विरुद्ध होतं.

त्यातच एक घाण विचारही येऊन गेला. जाऊ दे. निम्मी माझीच होती ती जमीन. गेली तर माझी गेली, दादाला त्याचं कसलं दुःख. तो विचार तिनं शेवटपर्यंत होऊ दिला, म्हणजे मग तो परत येणार नाही. सव्वीस लाख. बजाबाईच्या दुखऱ्या गुडघ्याचा दवाखाना. परसातली शेरडं, आता दादाकडं तेवढंच चालतं-फिरतं राहिलेलं.

पुढं काय होणार तेही तिला दिसत होतं. वाक्य ऐकल्यावर दादा ओरडणार नाही. फोन वहिनीकडं देईल. बजाबाई सगळ्या पै-पाहुण्यांत सांगेल, भाच्यानं स्वतःचे काढून घेतले आणि मामाला खड्ड्यात ढकललं, आणि त्यात एक अक्षर खोटं नसेल. येत्या भाऊबीजेला ओवाळणीचं ताट फडताळातच राहील. ईरप्पालाही सांगावं लागेल, तो तर रोज बोळातून जातो. आणि संध्याकाळी बसमधून उतरून पोरगा घरी येईल, आणि जेवायला बसेल की नाही, देव जाणे.

न बसला तर बरं, असं तिला वाटलं.

पावणेनऊ झाले. दादा आता धोतर बदलत असेल, पासबुक पिशवीत घालत असेल. तिनं अहवाल मांडीवर घेतला, एकतीस क्रमांकाच्या टिपणाचं पान काढलं. तांबड्या गोलावर डाव्या हाताचं बोट ठेवलं, म्हणजे बोलताना आकडा चुकायला नको. उजवा हात पदराला पुसला. आधी कुशल विचारायचं नाही, शेरडांचं विचारायचं नाही, वहिनीनं फोन उचलला तर दादाला द्या एवढंच म्हणायचं, असं तिनं ठरवलं. मग पहिलं वाक्य एकदा तोंडातल्या तोंडात म्हणून बघितलं.

दादा, अजूनं स्वतःचे सगळे शेअर फेब्रुवारीतच विकलेत.

आणि तिनं दादाचा नंबर लावला.